साडेतेरा किलोचं उत्तर

उत्कर्षाला नववीच्या पहिल्या घटक चाचणीत विज्ञानात वीसपैकी आठ आणि गणितात वीसपैकी नऊ मार्क पडले, तेव्हा वानखेड्यांच्या घरात एक वेळचं जेवण जरा गप्पगप्प होऊन प्रकरण मिटायला हरकत नव्हती. इतर घरांत ते तसंच मिटतं. आई म्हणते, "पुढच्या वेळी बघ हं," मुलगी म्हणते, "पेपरच टफ होता," आणि वरण वाढलं जातं. पण अभिनवरावांनी उत्तरपत्रिका हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक वाक्य उच्चारलं. त्या एका वाक्यापायी पुढे धायरीच्या जलतरंग सोसायटीतल्या निम्म्या घरांचे पडदे गेले.

"उद्यापासून क्लास बंद. मी शिकवतो."

"तुम्ही?" श्रद्धाने विचारलं. तिने विचारलं एवढंच, पण बँकेत काउंटरवर बसून बसून तिच्या एका शब्दात 'सही जुळत नाही' असा भाव आपोआप येतो.

"काहून? मी नाही शिकवू शकत?" अभिनवराव उसळले. पुण्यात अठरा वर्षं काढल्यामुळे ते एरवी अगदी छापील मराठी बोलत. चिडले की मात्र आतलं अकोला वर यायचं. "बारावीला केमिस्ट्रीत जिल्ह्यात तिसरा होतो मी."

हे खरं होतं. फक्त त्याला आता इतकी वर्षं उलटली होती, की त्या केमिस्ट्रीला जिल्ह्यातून कधीच हद्दपार करण्यात आलं होतं. मधल्या काळात अभिनवराव हिंजवडीच्या एका कंपनीत मॅनेजर झाले होते, आणि मॅनेजर माणूस स्वतः काही सोडवत नाही. तो "हे कधीपर्यंत होईल?" असं विचारतो.

पहिला पाठ जेवणाच्या टेबलावर झाला. विषय, रासायनिक समीकरणं संतुलित करणे. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बरोबर पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. अभिनवरावांनी काही क्षण त्या समीकरणाकडे ऑफिसातल्या ज्युनियरकडे बघावं तसं पाहिलं, मग पेन उचललं आणि पाण्यातल्या 'ओ'च्या पायाशी छोटासा दोन काढला.

"झालं! इकडे दोन, तिकडे दोन. टॅली."

उत्कर्षाने वही जवळ ओढली. "बाबा, हे पाणी नाहीये."

"मग काय आहे?"

"हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर लावतात ते. पायाशी आकडा नाही बदलायचा, पुढे लिहायचा असतो. बाईंनी सांगितलंय."

"बाईंनी सांगितलंय, बाईंनी सांगितलंय! तत्त्व समजून घे आधी. टॅली लागली की नाही?"

टॅली लागली होती हे उत्कर्षाला मान्य करावं लागलं. जगातलं सगळं पिण्याचं पाणी जखमेवर लावायच्या औषधात बदललं होतं, हा तपशील बाजूला ठेवला तर.

मग गणित. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत भरतो, दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? यावर अभिनवराव मनापासून हसले. "धायरीत? धायरीत दोन नळ एकदम सोडले तर दोन्हींतून हवा येईल. हे पुस्तक लिहिणारा माणूस कोथरूडचा असणार." विनोद चांगला होता. उत्कर्षासुद्धा हसली. मात्र गणित तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तिला त्याबद्दल उभं राहावं लागलं. बाईंना हे सांगायचं कसं, की वडिलांनी गणित रद्दबातल ठरवलं आहे?

अशा गोष्टी भिंतीआड राहत नाहीत. समोरच्या फ्लॅटमधले रंगरावकाका जिन्यात भेटले. रंगरावकाका हे मूळचे पेठेतले, निवृत्तीनंतर धायरीला आलेले. धायरीला आल्यापासून 'गावात' जायचं म्हणजे मंडईपर्यंत जायचं, असं ते मानत. बाकीच्या पुण्याला ते पुणे म्हणायला तयार नव्हते.

"शिकवताय म्हणे मुलीला," काका म्हणाले.

"हो. क्लासवाले नुसती घोकंपट्टी करून घेतात."

"बरोबर आहे. घोकंपट्टीत निदान उत्तर तरी बरोबर येतं." आणि ते भाजीची पिशवी घेऊन आत गेले. दार बंद होताना आवाज झाला नाही, पण अभिनवरावांना तो ऐकू आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या शकूताईंनी वेगळाच सल्ला दिला. त्यांच्या भाच्याला म्हणे रोज भिजवलेले बदाम देऊन गणितात शंभरपैकी ब्याण्णव मिळाले होते. "तुम्ही बदाम द्या आणि गप्प बसा," त्या म्हणाल्या. यातला दुसरा भाग अभिनवरावांनी ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण ते दुखावले होते. दुखावलेला मध्यमवर्गीय माणूस फार धोकादायक असतो. तो भांडत नाही, तो सिद्ध करायला जातो. "पुस्तकातली गणितं मेली आहेत," त्यांनी घरात जाहीर केलं. "हिला जिवंत गणित पाहिजे. प्रॅक्टिकल!"

जिवंत गणित लगेचच चालून आलं. नाव जलतरंग असलं तरी सोसायटीला पाणी टँकरनं येई, आणि त्या आठवड्यात आलेल्या पाण्याला शेवाळासारखा वास येत होता. चेअरमन सर्जेराव यांनी कमिटीची मीटिंग बोलावली. सर्जेराव मूळचे धायरीचे. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती तिच्यात त्यांच्या वडिलांनी ज्वारी काढली होती. बिल्डरकडून मिळालेले चार फ्लॅट, पायात कोल्हापुरी, आणि अंगात बारा महिने इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे.

"टाकी साफ करनाऱ्या कंपनीला बोलवायचं, आन् काय," सर्जेराव म्हणाले.

"कशाला?" अभिनवराव उठून उभे राहिले. "नववीचं केमिस्ट्री आहे हे. ब्लीचिंग पावडर किती घालायची एवढाच प्रश्न आहे. मी आणि माझी मुलगी हिशोब करतो. शंभर टक्के सायंटिफिक."

सर्जेरावांचा शिकलेल्या माणसावर विश्वास होता. ही त्यांची एकमेव अंधश्रद्धा. ठराव झाला, शकूताईंनी सूचक म्हणून सही केली, अनुमोदक मिळेना म्हणून रंगरावकाकांना हाक मारली.

"मी अनुमोदन देत नाही," काका म्हणाले, "पण विरोधही करत नाही. बघायची इच्छा आहे." हेही इतिवृत्तात नोंदवण्यात आलं.

पावडर घालण्याआधी पाणी तपासून घ्यावं, म्हणून अभिनवरावांनी अर्धी रजा टाकली आणि बाटली घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवर विचारलं गेलं, पाणी नळाचं की टँकरचं? टँकरचं म्हटल्यावर दुसरी खिडकी दाखवण्यात आली. दुसऱ्या खिडकीने विचारलं, बाटली निर्जंतुक आहे का? अभिनवराव म्हणाले, मँगो ज्यूसची आहे, पण धुतलीय. "कुठल्या पाण्याने?" खिडकीने विचारलं. "याच पाण्याने," असं म्हटल्यावर खिडकीने एवढा मोठा उसासा सोडला, की अभिनवराव बाटली घेऊन परत आले. निष्कर्ष असा निघाला, की शासनावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही.

शनिवारी दुपारी बापलेक टेबलाशी बसले. गणित सोपं होतं आणि अभिनवरावांनी ते मांडलंही नीट. टाकी वीस हजार लिटरची. दर लिटरला क्लोरीन हवा दोन मिलिग्रॅम. म्हणजे एकूण चाळीस हजार मिलिग्रॅम. पावडरमध्ये क्लोरीन तीस टक्के.

"आता मिलिग्रॅमचे ग्रॅम कर," त्यांनी सांगितलं आणि स्वतःही करायला घेतलं.

उत्कर्षाचं आधी झालं. "एकशे तेहतीस ग्रॅम."

अभिनवरावांनी स्वतःच्या कागदाकडे पाहिलं. तिथे तेरा किलो तीनशे तेहतीस ग्रॅम असं उत्तर होतं.

"पुन्हा कर."

"पुन्हा केलं. एकशे तेहतीसच येतंय."

"उत्कर्षा, डोकं वापर. वीस हजार लिटर पाणी आहे. त्याला वाटीभर पावडर? आमटीत हिंग घालतेस का?"

"पण बाबा, मिलि म्हणजे हजारावा भाग ना? तुम्ही दहाने भागलंय."

"मिलिमीटर किती असतात एका सेंटिमीटरमध्ये?"

"दहा."

"मग?"

हा 'मग' इतका भारी होता, की उत्कर्षाला क्षणभर खरंच वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. वडील समोर छाती काढून बसलेले असले की बरोबर उत्तरसुद्धा घाबरतं. तरी तिने एकदा म्हणून पाहिलं, "एआयला विचारू या का?"

"खबरदार! ऑफिसात आमची पोरं तेच करतात आणि मग मला निस्तरावं लागतं. स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवायला शिक." आणि स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवून त्यांनी मुलीच्या उत्तरावर लाल पेनने भलीमोठी फुली मारली.

उत्कर्षाने वही मिटली. श्रद्धा स्वयंपाकघरातून बघत होती. ती म्हणाली, "अहो, एकदा कोणाला तरी दाखवून घ्या."

"कोणाला दाखवू? जिल्ह्यात पहिला आलेला कुठे राहतो ते माहीत नाही मला."

पावडर आली. पुतळ्याला हार घालावा तशा थाटात अभिनवराव संध्याकाळी टाकीच्या झाकणाशी उभे राहिले. तोंडाला करोनाच्या काळातला मास्क, हातात रबरी हातमोजे, पायाशी वजनकाटा. कमी पडायला नको म्हणून तेराचे त्यांनी साडेतेरा केले. वॉचमन बजरंगने बादल्या धरल्या. दहावी बादली ओतताना पाण्याचा रंग ताकासारखा झाला. "प्रोसेस चालू झाली," अभिनवराव म्हणाले आणि त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकलं. चोवीस फ्लॅटमधून चोवीस अंगठे परत आले.

रविवारची सकाळ म्हणजे वॉशिंग मशिनचा वार. आठवड्याचे कपडे, चादरी, पडदे, सगळं त्या दिवशी निघतं. सकाळी पंप चालू झाला, पाणी वरच्या टाकीत चढलं, तिथून घरोघरी उतरलं, आणि सगळी मशिनं एका सुरात घुमू लागली.

पहिली बेल वानखेड्यांकडे वाजली. दारात रंगरावकाका उभे होते. खांद्यावर टॉवेल, डोळे लाल.

"पोहायला नक्की कुठे उतरायचं, ते विचारायला आलो होतो," काका म्हणाले.

तेवढ्यात वरून किंकाळी आली. शकूताईंनी दिवाणखान्याचे मोरपंखी पडदे मशिनमधून काढले होते. मोर गेला होता, पंख गेले होते, उरलं होतं लिंबू सरबताच्या रंगाचं एक कापड. मग एकेका मजल्यावरून माणसं जिन्यात उतरू लागली, हातात आपापलं नुकसान घेऊन. कुणाची जीन्स ढगाळ झाली होती, कुणाच्या शाळेच्या गणवेशावर नकाशे उमटले होते. डोळे चोळत, शिंकत, एकमेकांचे कपडे ओळखायचा प्रयत्न करत सगळे तळमजल्यावर जमले. इमारतीत जलतरण तलावाचा वास दाटला होता. सुदैवाने पाणी कुणीही प्यायलं नव्हतं. ते ग्लासात धरल्यावर प्यावंसं वाटण्यासारखं नव्हतंच.

गर्दीत एकच माणूस प्रसन्न होता. सर्जेराव. त्यांचे कपडे आधीच पांढरे असल्याने त्यांना नुकसान होणं शक्य नव्हतं. उलट त्यांचा सदरा इतका झळाळत होता, की बघणाऱ्याचे उरलेले डोळे दिपावेत.

"वानखेडे सायेब," ते कौतुकाने म्हणाले, "आईशपथ, धा वर्सांत आशी धुलाई झाली न्हाई. पन लोकांचं काय करायचं?"

लोकांचं काय करायचं हा प्रश्न योग्य होता. पंप बंद केला, टाकी रिकामी करायला काढली, नवा टँकर दुपारनंतर येणार होता. रविवारी सकाळी आंघोळ न झालेले, पडदे गेलेले लोक खुर्च्या टाकून बसले. मीटिंग आपोआप भरली.

"मला एकच सांगा," शकूताई पडद्याचा गोळा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "हे गणित केलं कुणी?"

सगळ्यांनी अभिनवरावांकडे पाहिलं. उत्कर्षा आईजवळ उभी होती. तीही पाहत होती.

आणि इथे अभिनवराव वानखेडे, जिल्ह्यात तिसरे, हिंजवडीत मॅनेजर, वय वर्षं शेहेचाळीस, यांनी सांगून टाकलं, "म्हणजे... आम्ही दोघांनी मिळून केलं. होमवर्कचा भाग होता तिच्या."

बस, एवढंच. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. ऑफिसात ते रोज असंच बोलत. तिथे त्याला टीमवर्क म्हणतात. पण जमावाचा सूर एकदम उतरला. शकूताईंच्या चेहऱ्यावरचा राग पातळ झाला. "अगं बाई, पोरीचं चुकलं होय! लहान आहे ती."

"असूंद्या, असूंद्या," सर्जेराव म्हणाले. "लेकराला कोन बोलनार? शिकंल हळूहळू."

कुणीतरी उत्कर्षाच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झालं. तिने डोकं बाजूला घेतलं, वडिलांकडे एकदा बघितलं आणि जिना चढून निघून गेली. ती रडली असती तर अभिनवरावांना बरं वाटलं असतं. रडणाऱ्याला समजावता येतं.

श्रद्धा तिच्यामागून गेली. जाताना हळूच, फक्त त्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पडदे नवे आणता येतील."

सभा पांगली. लोकांनी माफ केलं होतं, प्रतिष्ठा शाबूत होती, आणि अभिनवरावांना आपल्या घरात जायची हिंमत होत नव्हती. ते पार्किंगमध्ये स्कूटरवर टेकून बसले. रंगरावकाका तेवढे खुर्चीत उरले होते.

"मुलगी हुशार आहे तुमची," काका म्हणाले.

"हो ना."

"काल जिन्यात भेटली होती. एक लिटरमध्ये हजार मिलिलिटर असतात की दहा, असं विचारत होती. मी म्हटलं, बाळ, तुझ्या वडिलांना विचार." काकांनी टॉवेल झटकला. "चुकलंच माझं. शिकलेल्या माणसाला विचारायला पाठवलं."

अभिनवरावांनी यावर काही तरी सणसणीत उत्तर द्यायला हवं होतं. पुण्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाकडून तेवढी अपेक्षा असते. पण त्यांना सुचलं ते एवढंच: "काका, तुमच्याकडे मार्कर आहे का?"

तळमजल्यावर सोसायटीचा पांढरा फळा आहे. त्यावर थकबाकीदारांची नावं आणि गणपतीची वर्गणी याखेरीज काही लिहिलं जात नाही. अभिनवरावांनी तो पुसला आणि लिहायला सुरुवात केली. टाकी किती, क्लोरीन किती, चाळीस हजार मिलिग्रॅम. मग हजाराने भागलं. ही पायरी लिहिताना त्यांचा हात मुद्दाम हळू चालला, कारण आता मागे माणसं जमायला लागली होती. टँकरची वाट बघणाऱ्या लोकांना करमणूक हवीच असते. चाळीस. भागिले तीस टक्के. उत्तर: एकशे तेहतीस.

खाली त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हे उत्तर उत्कर्षाने कालच काढलं होतं. मी ते खोडलं. साडेतेरा किलोची चूक संपूर्णपणे माझी आहे, आणि सकाळी मी जे बोललो तेही चूक होतं. अभिनव वानखेडे.'

मागून शकूताईंचा आवाज आला, "म्हणजे पोरीचं बरोबर होतं? आणि आम्ही तिलाच 'लहान आहे' म्हणून सोडून दिलं?" पातळ झालेला राग पुन्हा घट्ट होऊ लागला. "वानखेडे, माझे पडदे हातमागाचे होते!"

"हो ताई."

"मोरपंखी होते!"

"हो ताई. मी पाहिलेत. म्हणजे, पाहिले होते."

सर्जेरावांनी फळा वाचायला वेळ घेतला. वाचून झाल्यावर त्यांनी अभिनवरावांच्या पाठीवर थाप मारली. "सायेब, आमच्या गावात चूक झाली तर मान्य करत्यात, पन भिंतीवर न्हाई लिहीत. तुम्ही लई शिकलेलं हाय."

बघ्यांतून वाट काढत उत्कर्षा कधी खाली आली होती कुणास ठाऊक. बहुधा बजरंग तिला बोलवायला गेला असावा, किंवा श्रद्धाने गॅलरीतून सगळं पाहिलं असावं. ती फळ्यासमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत तिने प्रत्येक ओळ वाचली, बोट लावून, बाई तपासतात तशी. अभिनवराव शेजारी उभे होते. प्रमोशनच्या मुलाखतीला बसल्यासारखे ते हातातल्या मार्करचं टोपण लावत आणि काढत होते.

"पद्धत बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो?"

"हो. पण एकक नाही लिहिलं. एकशे तेहतीस काय? किलो की ग्रॅम?" तिने हात पुढे केला, मार्कर घेण्यासाठी नव्हे, मार्कर धरलेला त्यांचाच हात फळ्याकडे वळवण्यासाठी. "अर्धा मार्क गेला, बाबा. लिहा."

चोवीस फ्लॅट बघत असताना अभिनवरावांनी 'ग्रॅम' लिहिलं. आणि बाहेर, गेटाशी, टँकरचा हॉर्न वाजला.